वीणेची खुंटी

मुलांनो, अखंड हरिनाम सप्ताह तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. सात दिवस आणि सात रात्री देवळात भजन चाललेले असते. टाळकरी बदलतात, मृदंग वाजवणारे बदलतात, कीर्तनकार तर रोज नवा असतो. परंतु एक वस्तू या सात दिवसांत क्षणभरही जमिनीवर टेकत नाही. ती वस्तू म्हणजे वीणा. एका विणेकऱ्याचा पहारा संपला की दुसरा पुढे येतो, त्याच्या पायांवर मस्तक ठेवतो आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. मध्यरात्री तीन वाजता देवळात दोनच माणसे जागी असली, तरी त्यांपैकी एकाच्या गळ्यात वीणा असते आणि तिच्या चार तारा हळूहळू झंकारत असतात.

अशी एक वीणा माझ्या हातून भंगली. लाकडाविषयी मी जे काही शिकलो, त्यातील बराच भाग त्या वेळी शिकलो, म्हणून ती हकिकत आधी सांगतो.

मी तेव्हा तेरजवळच्या एका खेड्यात नुकताच शिक्षक म्हणून रुजू झालो होतो. तेर म्हणजे संत गोरा कुंभार यांचे गाव. आपल्या जिल्ह्याला त्या काळी उस्मानाबाद म्हणत. २०२३ सालापासून त्याचे नाव धाराशिव असे झाले आहे. चैत्राचे दिवस होते. ऊन इतके कडक की शाळेच्या दाराच्या फळ्या आक्रसून त्यांमधून पलीकडचे अंगण दिसू लागले होते. सप्ताह परवा सूर्योदयाला बसावयाचा होता. गावच्या वृद्ध विणेकऱ्यांना सर्वजण आजोबा म्हणत. त्यांनी वीणा काढून तारा जुळवण्यास घेतल्या, तो एक खुंटी राहीच ना! पिळावी आणि सोडावी, की ती आपोआप उलट फिरे आणि तार सैल पडे. खुंटी जुनी झाली होती, तिचे डोकेही तुटले होते. बार्शीच्या बाजारातून आणलेली एक नवी खुंटी आजोबांजवळ होती. ती बसवून देण्याचे काम मी मोठ्या उत्साहाने अंगावर घेतले. मी शिकलेला माणूस. एक खुंटी बसवणे ते काय!

नवी खुंटी छिद्राच्या मानाने थोडी जाड होती. मी ती दाबून पाहिली. ती अर्धी गेली आणि अडली. मग मी एक लाकडी ठोकळा घेतला आणि तिच्या डोक्यावर हलकेच एक ठोका दिला. दुसरा दिला. तिसऱ्या ठोक्याला ‘टक्’ असा एक अगदी बारीक आवाज झाला. खुंटी गेली खरी. परंतु छिद्राच्या कडेपासून दांडीवर एक काळी रेघ उमटली होती. ती बोटाच्या दोन पेरांएवढी लांब होती आणि तिचे टोक दुसऱ्या खुंटीच्या छिद्राकडे वळले होते.

आजोबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी उपरण्याने ती रेघ पुसून पाहिली. धूळ असती तर ती पुसली गेली असती. ही वीणा त्यांच्या वडिलांनी मिरजेहून आणली होती, एवढे मात्र मला ठाऊक होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता ही भेग का पडली, ते पाहू.

झाडाचे लाकूड म्हणजे असंख्य बारीक नळ्यांची एक घट्ट मोळी आहे. या नळ्या बुंध्यापासून शेंड्याकडे जातात आणि जमिनीतील पाणी वर चढवतात. नळी आडवी मोडणे अवघड. परंतु एक नळी शेजारच्या नळीपासून सुटी करणे सोपे. घरातील केरसुणी हातात घ्या. तिच्या सर्व काड्या एकदम मोडण्याचा प्रयत्न करा, तुमचे हात दुखतील. पण त्याच काड्या बाजूला फाकवण्यास काही कष्ट पडत नाहीत. लाकूडतोड्या ओंडका फोडतो तोही याच न्यायाने. तो ओंडका उभा ठेवतो, त्याच्या माथ्यावर कुऱ्हाडीने एक खाच पाडतो, खाचेत पाचर बसवतो आणि पाचरेवर घाव घालतो. पाचर खाली उतरते, तिची जाड बाजू तंतूंना दोहोंकडे ढकलते आणि ओंडका वरपासून खालपर्यंत सरळ फाटत जातो.

खुंटीचा आकार आठवा. ती टोकाकडे निमुळती आणि डोक्याकडे जाड असते. म्हणजे खुंटी ही गोल पाचरच होय! निमुळतेपणामुळेच ती छिद्रात घट्ट बसते आणि तार धरून ठेवते. आणि त्याच निमुळतेपणामुळे, तिला जरुरीपेक्षा अधिक आत लोटले, तर ती दांडीला ओंडक्याप्रमाणे फाडते. दांडीतील तंतू दांडीच्या लांबीने गेलेले असतात. म्हणून भेग नेहमी दांडीच्या लांबीनेच पळते. वीणेवर एका ओळीत दोन छिद्रे असतील, तर एका छिद्रातून निघालेली भेग दुसऱ्याकडे धाव घेते. टपालाच्या तिकिटांच्या तावावर छिद्रांच्या ओळी असतात ना? त्या ओळीवरच ताव फाटतो. तसाच हा प्रकार आहे.

परंतु हीच वीणा कित्येक वर्षे वाजत होती. खुंट्या पूर्वीही दाबल्या जात होत्या. मग चैत्रातच हा घात का व्हावा?

याचे उत्तर पाण्यात आहे. ओल्या लाकडात पुष्कळ पाणी असते. ते दोन ठिकाणी असते: काही नळ्यांच्या पोकळीत आणि काही नळ्यांच्या भिंतींत मुरलेले. लाकूड वाळू लागले की प्रथम पोकळीतील पाणी जाते. त्याने लाकूड हलके होते, पण आकसत नाही. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्के एवढे पाणी उरले, म्हणजे भिंतींतील पाणी उडू लागते आणि येथून पुढे लाकूड आकसत जाते. हे आकसणे सर्व बाजूंनी सारखे नसते. लांबीत ते जवळजवळ नसतेच. जाडीत मात्र असते. त्यातही झाडाच्या वर्षवलयांना धरून ते जितके होते, त्याच्या जवळजवळ निम्मेच गाभ्याकडून सालीकडे होते. म्हणूनच कच्च्या लाकडाच्या फळ्या वाळताना वाकड्या होतात आणि ओंडक्याच्या तोंडावर गाभ्यापासून निघालेल्या चिरा दिसतात.

लाकूड एकदा वाळले म्हणजे हा खेळ संपला असे नाही. हवा दमट झाली की ते पुन्हा ओलावा पिते व फुगते. हवा कोरडी झाली की तो सोडते व आकसते. पावसाळ्यात घरचे दार चौकटीत अडकते आणि उन्हाळ्यात तेच खडखडते, हे तुम्ही पाहिलेच आहे. आपल्या धाराशिवसारख्या जिल्ह्यात तर या दोन टोकांमधील अंतर फार मोठे. वैशाखात येथली हवा भाजलेल्या पापडासारखी कोरडी होते. श्रावणात तीच हवा सादळलेली असते.

आता खुंटी आणि तिचे छिद्र यांचा विचार करा. येथे जरा नीट लक्ष द्यावयास हवे. खुंटीचे तंतू तिच्या लांबीने जातात. तेव्हा तिचा घेर आहे तो सगळा तंतूंना आडवा. उन्हाळ्यात खुंटी चोहोबाजूंनी बारीक होते. छिद्राचे तसे नाही. दांडीचे तंतू दांडीच्या लांबीने गेलेले आहेत. म्हणून उन्हाळ्यात छिद्र दांडीच्या रुंदीकडून किंचित आकसते. परंतु दांडीच्या लांबीकडून जसेच्या तसे राहते. खुंटी बारीक आणि गोल, छिद्र मात्र लांबट! परिणाम असा होतो की खुंटी छिद्राच्या दोनच भिंतींना टेकते, बाकी पोकळ राहते. अर्थात ती घसरते. वाजवणारा ती घसरू नये म्हणून आणखी आत दाबतो. आणि ती ज्या दोन भिंतींना टेकलेली असते, त्या नेमक्या त्याच, ज्यांना दोहोंकडे ढकलले असता लाकूड फाटते! वर ते लाकूड कोरडे, ठिसूळ झालेले. मी त्या दिवशी तिसरा ठोका दिला, तेव्हा या सर्व गोष्टी माझ्या विरुद्ध उभ्या होत्या आणि मला त्यांतील एकही ठाऊक नव्हती.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू झाले तेव्हा मी वीणा घेऊन गावच्या सुतारांकडे गेलो. ते सत्तरीचे होते. त्यांना सारा गाव दादा म्हणे. औतांचे काम करता करता त्यांचा जन्म गेला होता. वाद्ये मात्र ते क्वचितच दुरुस्त करीत. मी त्यांना सर्व सांगितले. त्यांनी वीणा उजेडाकडे धरली, बोटाच्या पेराने दांडीवर खालून वर हलके टिचक्या मारीत नेल्या आणि कान लावला. भेगेपाशी आवाज बद्द झाला. कुंभार मडके वाजवून पाहतो तसेच हे होते. भेग डोळ्यांना दिसते त्याच्याही थोडी पुढे गेलेली असते. तिचा खरा शेवट कानाला कळतो.

“दुसऱ्या भोकाला अजून लागली नाही,” दादा म्हणाले. “दोन बोटं राहिलीत. गुरुजी, ही खुंटी अशीच ठेवून तारा लावल्या असत्या, तर सप्त्यात तिसऱ्या दिवशी हा तुकडा हातात आला असता.”

“मग आता?” मी विचारले.

“आता काय? आधी त्या लाकडाला मोकळं करू.”

त्यांनी सर्वांत आधी चारही तारा सैल केल्या. तार ताणलेली असताना दांडीवर सतत ओढ असते. त्या स्थितीत भेग सांधणे म्हणजे दोन माणसे ओढत असलेले धोतर शिवण्यासारखे आहे. मग त्यांनी खुंटी काढली. ती त्यांनी ठोकली नाही, उपटली नाही. हळूहळू उलट पिळत पिळत मागे आणली. खुंटी निघताच ती काळी रेघ इतकी बारीक झाली की मला दिसेना. मला वाटले, बरी झाली! दादांनी माझ्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली. त्यांनी दांडी दोन हातांत धरून अगदी किंचित पिळली. रेघ पुन्हा उघडली. भेग मिटली म्हणजे बुजली असे नव्हे.

मी घरून खोबरेल तेलाची बाटली नेली होती. भेगेत तेल घातले तर लाकूड मऊ पडेल, अशी माझी समजूत. मी बूच काढतो आहे हे पाहून दादांनी माझे मनगटच धरले. तेल किंवा मेण एकदा भेगेत शिरले, की पुढे कोणताही सरस तेथे धरत नाही. तेलकट कागदावर डिंक लावून पाहा, म्हणजे तुम्हांला याची प्रचिती येईल. भेगेत सुईने, पिनेने कोरत बसणे हेही तितकेच वाईट. त्याने तंतू तुटतात आणि मग दोन कडा एकमेकींना तंतोतंत जुळत नाहीत. ताजी, स्वच्छ भेग ही सांधण्यास सर्वांत सोपी. तिच्या दोन बाजू एकमेकींना कुलूपकिल्लीसारख्या ओळखतात.

दादांकडे सरस होता. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्यांपासून व हाडांपासून काढलेला चिकट पदार्थ. त्याचे खडे त्यांनी आदल्या रात्रीच एका बैलगाडीच्या कामासाठी थंड पाण्यात भिजत घातले होते, हे माझे भाग्य. भिजून फुगलेला सरस त्यांनी एका वाटीत घेतला आणि ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवली. सरस थेट विस्तवावर ठेवू नये आणि उकळूही देऊ नये. त्याचा चिकटपणा मरतो. बोटाला चटका बसेल न बसेल इतके ऊन पाणी पुरे. आज दुकानात मिळणारा पांढरा डिंकही हे काम उत्तम करतो. परंतु वाद्ये करणारे पुष्कळ कारागीर अद्याप सरसाला धरून आहेत, त्याला कारण आहे. सरसाने जोडलेला सांधा ऊब आणि ओलावा दिल्यास पुन्हा उकलता येतो. वाद्याचे आयुष्य माणसापेक्षा मोठे असते. पन्नास वर्षांनी ते कोणाला तरी पुन्हा उघडावे लागते. अर्थात याच गुणाचा तोटाही आहे. फार दमट जागी ठेवलेल्या वाद्याचा सरस ढिला पडू शकतो.

सरस पातळ झाल्यावर दादांनी तो भेगेवर बोटाने चोळला. मग दांडी किंचित पिळली, सोडली. पुन्हा पिळली, पुन्हा सोडली. प्रत्येक वेळी भेग श्वास घेतल्यासारखी उघडे आणि सरस आत ओढून घेई. छिद्राच्या आतल्या बाजूने सरसाचा एक थेंब बाहेर आला, तेव्हा ते थांबले. सरस आरपार गेला, याची ती खूण होती. वरवर लावलेला सरस म्हणजे जखमेवर नुसता कागद चिकटवण्यासारखे. दिसते छान, धरत काही नाही.

यानंतर भेग दाबून धरावयाची होती. मोठ्या कारखान्यांत याकरिता लोखंडी शिकंजे असतात. दादांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची एक लांब पट्टी कापली. आधी भेगेवर मेण लावलेला कागद ठेवला, म्हणजे ट्यूब दांडीला चिकटू नये. मग पट्टी ताणून ताणून दांडीभोवती गुंडाळली. रबर सर्व बाजूंनी सारखे दाबते आणि सुतळीसारखे लाकडात रुतत नाही. गुंडाळण्याआधी बाहेर आलेला सरस त्यांनी ऊन पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून घेतला होता. वाळल्यानंतर तो खरवडावा लागला असता, आणि त्याबरोबर वीणेचे जुने रोगणही गेले असते.

“आता उद्या पहाटेपर्यंत हिला हात लावायचा नाही,” दादा म्हणाले. “तुम्ही तर मुळीच नाही.”

तो दिवस मोठा लांब गेला. सायंकाळी देवळापुढे मांडव पडला, कर्णे लागले. आजोबा दोनदा सुताराच्या पडवीपर्यंत येऊन, दुरूनच पाहून परत गेले.

रिकाम्या वेळी दादांनी ती नवी खुंटी हाती घेतली, आणि माझी खरी चूक कोठे झाली ते मला या वेळी समजले. मी छिद्राला खुंटीप्रमाणे करू पाहिले होते. त्यांनी खुंटीला छिद्राप्रमाणे केले. त्यांनी आधी जुनी खुंटी नमुन्याकरिता समोर ठेवली. मग एका काचेच्या तुकड्याच्या धारेने नवी खुंटी खरवडली. पटाशी एकदम खोल जाते. काच केसाएवढेच लाकूड काढते. (काच तुम्ही वापरू नका, पॉलिश कागद पुष्कळ आहे.) दुसऱ्या दिवशी पहाटे ट्यूब सोडल्यावर त्यांनी खुंटीला दिव्याची काजळी पुसटशी लावली, ती छिद्रात अलगद घालून एक वेढा फिरवली आणि बाहेर काढली. जेथे खुंटी भिंतीला घासली होती तेथील काजळी पुसून लाकूड चकाकत होते. बाकी जागा काळीच होती. चकाकणारा भाग त्यांनी किंचित खरवडला. पुन्हा काजळी, पुन्हा एक वेढा. असे त्यांनी किती वेळा केले ते मी मोजले नाही. बाहेर काकड्याचे सूर सुरू झाले होते आणि माझे सारे लक्ष तिकडे होते. शेवटी खुंटी काढली तेव्हा चकाकी सर्व बाजूंनी सारखी होती. खुंटी छिद्राला जितक्या अधिक ठिकाणी टेकते, तितका कमी जोर ती एकेका ठिकाणी लावते. आणि मग तिला घट्ट राहण्यासाठी पाचर व्हावे लागत नाही.

तरीही खुंटी किंचित घसरत होती. त्यावर दादांनी माझ्याच खिशातील खडू मागून घेतला आणि खुंटीवर एक-दोन रेघा ओढल्या. खुंटी थांबली. सतारीचे व तानपुऱ्याचे वादकही खुंटी घसरू लागली की हाच उपाय करतात. फळ्यावर लिहिण्याच्या खडूचा हा उपयोग मला प्रशिक्षण विद्यालयात कोणी सांगितला नव्हता!

तारा चढल्या. दादांनी सांगून ठेवले की पहिला दिवस वीणा नेहमीपेक्षा उतरत्या सुरात ठेवा, तार एकदम ताणू नका. लाकडाला सवय होऊ द्या. सूर्य उगवला तेव्हा वीणा आजोबांच्या गळ्यात होती.

मिरजेचे नाव वर आले, तर तेथील कारागिरांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. सांगली जिल्ह्यातील या गावात सतारी व तानपुरे करण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास सुरू झाली. ही वाद्ये करणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारी व भाले यांना धार देणाऱ्यांची. इंग्रजी अंमल पक्का झाल्यावर तलवारींचे काम उतरले. तेव्हा फरीदसाहेब नावाच्या कुशल कारागिराने तंतुवाद्ये हाती घेतली आणि लोखंड पाजळणारे हात लाकडाकडे वळले. पटवर्धन संस्थानिकांनी या कलेला आश्रय दिला. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य मिरजेस होते. १९३७ साली ते वारल्यावर त्यांना तेथेच दफन करण्यात आले. असे गायक गावात असले म्हणजे कारागिरांच्या कानांनाही धार येते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

तानपुऱ्याचे भोपळे मिरजेच्या कारागिरांकडे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. दांडीसाठी तुणीचे तांबूस, हलके लाकूड वापरतात. हे लाकूड कापून लगेच वापरीत नाहीत. ते सावलीत बरेच दिवस मुरू देतात. उन्हात वाळवले तर बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो, आणि बाहेरचा थर आतल्याला कवटाळता कवटाळता फाटतो. तेरच्या कुंभाराला हे सांगावे लागत नाही. कच्चे मडके तोही सावलीतच वाळवतो.

आजोबांचे वडील मिरजेला गेले ते बार्शी लाइट रेल्वेने. ही अडीच फूट रुंदीच्या रुळांची चिमुकली गाडी १९११ साली लातुरास पोचली आणि १९२७ साली मिरजेस. वाटेत तेर स्टेशन होते, म्हणून आपल्या भागातील माणसाला कुर्डुवाडीमार्गे मिरज गाठता येई. आता तो सारा मार्ग रुंद झाला आहे. वीणा मांडीवर घेऊन त्या डुलत्या गाडीतून आलेला तो माणूस मला अनेकदा डोळ्यांपुढे दिसतो.

तुळजापूरला गेलात तर गोंधळ्याच्या हातातील तुणतुणे जवळून पाहा. लाकडी नळकांड्याच्या तळाला चामडे, बाजूला एक काठी, काठीच्या माथ्यावर खुंटी आणि एकच तार. काठी बहुधा बांबूची असते, आणि बांबू तर लाकडाहूनही लवकर चिरतो. कारण त्याचे तंतू सरळ वर जातात आणि त्यांना आडवे बांधणारे असे पेरांखेरीज काही नसते. म्हणून जाणता माणूस खुंटीचे छिद्र पेराच्या लगत पाडतो. पेर हे बांबूचे कडे आहे. भेग तेथपर्यंत येते आणि अडते. छिद्रही तो गिरमिटाचा जोर लावून पाडीत नाही, तापवलेल्या सळईने जाळून पाडतो. सळई तंतूंना फाकवीत नाही, त्यांना जाळून जागा करते. कोणी छिद्राच्या वर-खाली दोऱ्याचे वेढेही घट्ट गुंडाळतात. शेतातील खुरप्याच्या मुठीला तोंडाशी लोखंडी कडे असते, त्याचाच हा धाकटा भाऊ.

आता गिटारीकडे वळतो. कारण हल्ली आपल्या तालुक्याच्या गावांतूनही मुले गिटार शिकतात, आणि मागील वर्षी माझ्या नातवाने आपल्या गिटारीच्या चाव्या बदलण्याचा बेत केला, तेव्हा ती चैत्रातली पहाट मला पुन्हा आठवली.

गिटारीत लाकडी खुंट्या नसतात. मानेच्या माथ्यावर सहा धातूच्या चाव्या असतात. प्रत्येक चावीत एक लहान दंतचक्र असते. ते तारेला मागे सरकू देत नाही. म्हणून येथे पाचरेची गरज नाही. असे असूनही माथ्याला भेगा पडतात, आणि त्या दोन ठिकाणी पडतात. चावीचा दांडा छिद्रातून वर येतो, तेथे छिद्रात धातूची एक छोटी बांगडी बसवतात. ती छिद्रापेक्षा जाड असली आणि हातोडीने ठोकली, तर काय होते ते मी वर सांगितलेच आहे. छिद्र आधी हळूहळू मोठे करावे; मग बांगडी शिकंज्यात धरून, सरळ दाबून बसवावी. ठोका आणि दाब यांत फरक आहे. दाब देताना लाकूड कुरकुरले तर माणूस थांबू शकतो. ठोका एकदा दिला की तो परत घेता येत नाही.

दुसरी जागा चावीमागील बारीक स्क्रूंची. स्क्रू सुईसारखा बारीक दिसतो, म्हणून लोकांना वाटते की तो असाच पिळला तरी चालेल. पण त्याला स्वतःच्या जाडीची जागा लाकडात हवी असते. ती आधी करून दिली नाही, तर तो ती तंतू फाकवून करतो. म्हणून आधी बारीक छिद्र पाडावे. किती बारीक? स्क्रूच्या बाहेरील आट्यांकडे पाहू नये. आटे सोडून आत जो गाभा उरतो, त्याच्या जाडीएवढे छिद्र कठीण लाकडात पाडावे, मऊ लाकडात किंचित कमी. म्हणजे गाभ्याला जागा मिळते आणि आटे लाकडात रुततात. छिद्र किती खोल न्यायचे ते गिरमिटाच्या पात्याला चिकटपट्टी लावून ठरवावे; नाहीतर माथ्याच्या दुसऱ्या बाजूने उजेड दिसू लागतो! आट्यांवर मेणबत्ती घासावी, म्हणजे स्क्रू सुखाने जातो. साबण लावू नये. तो हवेतील ओलावा धरतो आणि स्क्रू गंजतो. अर्ध्यावर अडला तर जोर न लावता एक-दोन वेढे मागे घ्यावा, भुसा झटकावा आणि मग पुढे जावे. पितळी स्क्रूचे तर डोकेच तुटून हातात येते, आणि उरलेला तुकडा काढणे ही भेगेहून मोठी व्याधी.

जुन्या चावीचे स्क्रू जेथे होते, त्याच्या अगदी शेजारी नव्या चावीचे छिद्र येत असेल, तर जुनी छिद्रे आधी बुजवावी. त्याच जातीच्या लाकडाची बारीक काडी घ्यावी, तिला डिंक लावून छिद्रात बसवावी, पूर्ण वाळू द्यावी आणि वर आलेले टोक घासून सपाट करावे. दोन छिद्रांमधील लाकडाची भिंत कागदाएवढी पातळ ठेवली, तर ती स्क्रूची वाट न पाहता आपण होऊन जाते.

भेग लांब असली, किंवा लाकूड वाळून दोन कडांमध्ये फट पडली असली, तर नुसता सरस पुरत नाही. फटीत त्याच लाकडाची पातळ फाक बसवावी लागते, किंवा आतल्या बाजूने एक चिप्पी भेगेला आडवी चिकटवतात. चिप्पीचे तंतू भेगेला काटकोनात हवेत. म्हणजे फाटायचे झाल्यास चिप्पीला आडवे तुटावे लागेल, आणि ते अवघड. लाकडाचा जो गुण आपल्याला छळतो, तोच येथे उपयोगी पडतो. हे काम मात्र जाणत्या कारागिराचे आहे. घरी करू नये.

नातवाने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, “आजोबा, तुम्ही कधी गिटारीच्या चाव्या बसवल्यात का?” मी नाही म्हणालो. मग आम्ही दोघांनी एका टाकाऊ फळीवर आधी सहा स्क्रू बसवून पाहिले. पहिल्याला फळी चिरली.

दादा आणि विणेकरी आजोबा दोघेही आता नाहीत. त्या गावचा सप्ताह अजून चैत्रातच बसतो. मध्यंतरी गेलो होतो, तेव्हा रात्रीच्या पहाऱ्याला एक तरुण मुलगा उभा होता. मी दिव्याखाली वीणेची दांडी पाहिली. खुंटीपासून निघालेली बारीक काळी रेघ तेथे होती, दोन बोटे जागा सोडून थांबलेली. मुलाला वाटले, मी नमस्कारासाठी वाकलो आहे. त्याने वीणा थोडी पुढे केली.